शिकवणारे आणि शोधणारे

पुणे विद्यापीठ फेब्रुवारी १९४९ मध्ये स्थापन झाले. त्याला वर्ष पुरे व्हायच्या आत, ३ जानेवारी १९५० रोजी, त्याच शहरात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. विद्यापीठाच्या गणेशखिंडीतून पाषाणला पायी जाता येते, इतक्या या दोन संस्था जवळ. पण विद्यापीठ राज्य सरकारच्या कायद्याने चालणार होते आणि प्रयोगशाळा दिल्लीतल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, पैशावर. विद्यापीठाकडे विद्यार्थी गेले. उपकरणे आणि पूर्णवेळ संशोधक प्रयोगशाळेकडे गेले. नव्या देशात, एकाच शहरात, वर्षभराच्या अंतराने दोन संस्था उभ्या राहत असताना त्या एकमेकींच्या आत का असू नयेत, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्या लोकांनी विचारला. पुढच्या पानांत येणारे लेख संशोधन, प्राध्यापकी आणि समाज यांच्याविषयी निरनिराळ्या निमित्ताने लिहिलेले आहेत, पण त्या सगळ्यांच्या तळाशी हाच प्रश्न आहे. आपल्याकडे विज्ञान मागे का पडले, याची कारणे सांगताना आपण पैशाची टंचाई, सरकारी लालफीत आणि समाजातली अंधश्रद्धा यांची नावे घेतो. त्या प्रत्येकात तथ्य आहे. माझे म्हणणे असे, की या सगळ्यांच्या जोडीला आणि काही बाबतींत त्यांच्याही आधी एक निर्णय आहे: शिकवणे एकीकडे आणि शोधणे दुसरीकडे ठेवण्याचा. तो जाणत्या माणसांनी, चांगल्या हेतूने घेतला. त्याची किंमत मात्र विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि समाज या तिघांनीही मोजली, अजून मोजत आहेत.

फारकत झाली असे म्हणायचे, तर आधी सोबत होती हे दाखवावे लागेल. १८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालये संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्यांचे काम. विद्यापीठाने स्वतः शिकवावे ही अपेक्षाच नव्हती, शोधावे ही तर दूरची गोष्ट. म्हणूनच १८७६ मध्ये महेंद्रलाल सरकार यांना कोलकात्यात विज्ञानाच्या जोपासनेसाठी लोकवर्गणीतून स्वतंत्र संस्था काढावी लागली. विद्यापीठाचे हे परीक्षकी रूप बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न कोलकात्याचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी केला. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांवर १९१४ मध्ये कोलकाता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. प्रफुल्लचंद्र राय तिथे आले. अर्थखात्यातली नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन १९१७ मध्ये तिथले पालित प्राध्यापक झाले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे नुकतेच एम.एस्सी. झालेले तरुण तिथे शिकवू लागले. पुढच्या दहा-बारा वर्षांत काय झाले ते पाहावे. १९२० मध्ये साहांनी ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे समीकरण मांडले. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात रीडर असलेल्या बोस यांनी प्रकाशकणांची नवी सांख्यिकी आईनस्टाईन यांच्याकडे पाठवली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणाम सापडला. रामन यांचे प्रयोग सरकार यांनी काढलेल्या संस्थेत चालत हे खरे, पण ते विद्यापीठाचे प्राध्यापक होते. परतंत्र देशात, तुटपुंज्या पैशात, आपले आजवरचे सर्वांत मोठे भौतिकशास्त्र वर्गावर जाणाऱ्या शिक्षकांनी केले. याला योगायोग म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

योगायोग का नाही, हे शिकवण्याच्या स्वरूपातच आहे. प्लांक यांचा प्रारणाचा नियम वर्गात शिकवताना त्याच्या सिद्धतेत अर्धी बाजू जुन्या भौतिकीची आणि अर्धी नव्या कल्पनेची आहे, हे बोस यांना खटकत होते. ती विसंगती काढून टाकण्याच्या धडपडीतून त्यांचा शोधनिबंध जन्मला. मेंडेलेयेव्ह विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने मांडावीत या लेखकाच्या अडचणीतून १८६९ ची आवर्तसारणी आली. तज्ज्ञ तज्ज्ञाशी बोलतो तेव्हा पुष्कळ गोष्टी गृहीत धरल्या जातात. वीस वर्षांच्या मुलापुढे तीच गोष्ट पहिल्यापासून मांडावी लागते आणि मांडता मांडता गृहीतकांमधली भगदाडे दिसू लागतात. यात विद्यार्थी हुशार असण्याचीही अट नाही. आपल्या जवळचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात जन्मलेला आणि हार्वर्डला शिकलेला हा गणिती १९३३ ते १९४५ अशी बारा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होता. जनुकांमधली अंतरे मोजण्यासाठी आजही वापरले जाणारे ‘कोसंबी फलन’ १९४४ चे, आणि गुंतागुंतीच्या विदेतले मुख्य घटक वेगळे काढण्याची जी पद्धत पुढे इतरांच्या नावाने जगभर गेली, तिच्यावरचा त्यांचा निबंध १९४३ चा. दोन्ही कामे एका महाविद्यालयातल्या शिक्षकाची आहेत. फर्ग्युसनमध्ये तेव्हा संशोधनासाठी वेगळे अनुदान, वेगळी पदे, वेगळी इमारत यांतले काही नव्हते. एक ग्रंथालय होते, शहरात अभ्यासू माणसे होती आणि शिक्षकाने काय वाचावे यावर कोणाचा पहारा नव्हता.

मग वाट कुठे फुटली? सीएसआयआर १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि स्वातंत्र्यानंतर तिच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका उभी राहिली. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी टाटा विश्वस्तनिधीला लिहिलेल्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५४ मध्ये अणुऊर्जा खाते. या माणसांना विद्यापीठांविषयी आकस नव्हता. भटनागर स्वतः लाहोरच्या विद्यापीठात वाढलेले. त्यांची घाई समजण्यासारखी होती: देश गरीब, माणसे मोजकी, आणि विद्यापीठाच्या समित्यांमधून एक यंत्र मागवायला लागणारा काळ त्यांनी पाहिलेला. मोजकी माणसे एका जागी आणून त्यांना मोकळीक द्यावी, हा विचार तेवढ्यापुरता योग्यच होता. पण त्याच वेळी साहा वेगळे सांगत होते. अणुऊर्जा आयोग काढण्याआधी विद्यापीठांतून अणुभौतिकी शिकवा, माणसे तयार करा, मग यंत्रणा उभारा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी स्वतः कोलकाता विद्यापीठाच्या आश्रयाने अणुभौतिकी संस्था काढली. ती १९५० मध्ये सुरू झाली. १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यावर त्यांनी सरकारी विज्ञानधोरणावर सातत्याने टीका केली. या वादाकडे साहा आणि भाभा यांच्या व्यक्तिगत चुरशीची कहाणी म्हणून पाहण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने वादाचा गाभा हरवतो. आधी शिक्षण की आधी संस्था, हा तो वाद होता. त्यात साहा हरले आणि त्यांच्याबरोबर विद्यापीठेही हरली.

परिणाम एकदम दिसले नाहीत. आधी माणसे गेली. के. एस. कृष्णन अलाहाबाद विद्यापीठातून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले. कोसंबी फर्ग्युसनमधून टाटा संस्थेत गेले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाला, म्हणजे आपल्या यूडीसीटीला, नावारूपाला आणणारे के. वेंकटरामन पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. यांतल्या कोणालाही दोष देता येत नाही. चांगली उपकरणे जिथे आहेत तिथे प्रयोगशास्त्रज्ञ जाणारच. माणसांमागून पैसा गेला आणि शेवटी पदव्याही गेल्या. एकेकाळी या संस्थांमधले संशोधक विद्यार्थी पीएच.डी.साठी मुंबई किंवा पुणे विद्यापीठात नोंदणी करीत. तेवढ्यापुरता तरी दोन्हींचा संबंध राही. २००२ मध्ये टाटा संस्था अभिमत विद्यापीठ झाली, २००५ मध्ये अणुऊर्जा खात्याने होमी भाभा राष्ट्रीय संस्था काढली, पुढे सीएसआयआरनेही आपली पदवी देणारी अकादमी उभारली. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यातला उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा सुमारे ९ टक्के. त्याच सुमाराला उच्च शिक्षणात चार कोटींहून अधिक विद्यार्थी होते. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कळते: आपले बहुसंख्य विज्ञान-पदवीधर असे आहेत की ज्यांनी चालू संशोधन कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि त्यांना शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळांनीही नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो अणुऊर्जा आणि अवकाश यांच्या नावाने. तुर्भ्याची अणुभट्टी किंवा थुंब्याचे अग्निबाण एखाद्या विद्यापीठाच्या सिनेटने मंजूर करून घडवले असते का? नसते, आणि तसे कोणी म्हणतही नाही. ठरलेले उद्दिष्ट, मोठी यंत्रणा, गोपनीयता आणि वर्षानुवर्षांची शिस्त लागते तिथे स्वतंत्र संस्था हवीच. पण या युक्तिवादाच्या सावलीत दुसरेच काही निसटून गेले. अणुभट्टीला जे लागू आहे ते बीजगणिताला, वनस्पतिशास्त्राला, संख्याशास्त्राला, सेंद्रिय रसायनाला लागू नाही. मूलभूत विज्ञानासाठी विद्यापीठाबाहेर जाण्याचे असे कोणतेही कारण नव्हते. आणि उद्दिष्टाने बांधलेल्या संस्थांनासुद्धा माणसे लागतात. तुर्भ्याच्या केंद्राला १९५७ मध्ये स्वतःची प्रशिक्षणशाळा काढावी लागली, याचा अर्थ लागणारी माणसे विद्यापीठांतून हवी तशी येत नव्हती. साहा जे आधी करा म्हणत होते, ते नंतर कुंपणाच्या आत, थोड्या लोकांसाठी करावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यापीठे मुळातच असमर्थ होती, राजकारणाने आणि गटबाजीने पोखरलेली होती, त्यांच्यावर पैसा घालणे म्हणजे तो बुडवणे होते, असे अनेक जबाबदार माणसे आजही म्हणतात. याला उत्तर स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांनीच दिले आहे. मद्रास विद्यापीठात १९५२ मध्ये आलेल्या गो. ना. रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली आणि १९६३ मध्ये सहकाऱ्यांसह तो आलेख काढला, जो आज जगातल्या प्रत्येक जीवरसायनाच्या पुस्तकात त्यांच्या नावाने छापला जातो. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशापासून अर्धगुणसूत्री रोपे वाढवली. पीक-सुधारणेचे एक नवे तंत्र त्यातून निघाले. शंभुनाथ दे यांनी कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवता शिकवता, १९५९ मध्ये, पटकीचा जंतू विष सोडतो आणि ते विषच माणसाला मारते हे सिद्ध केले. अमलकुमार रायचौधुरी यांच्या नावाचे समीकरण १९५५ चे. पुढे त्यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदवीच्या मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवले आणि त्यांच्या वर्गांतून अशोक सेन यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ निघाले. आणि आपल्या माटुंग्याचे यूडीसीटी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत वर्ग, प्रयोगशाळा आणि कारखानदारांचे प्रश्न एकाच इमारतीत होते. तिथे पदवीच्या वर्गाला शिकवणारे मनमोहन शर्मा १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रघुनाथ माशेलकर इथलेच विद्यार्थी. तेव्हा असमर्थता हा विद्यापीठांचा जन्मजात दोष नव्हता. चांगली माणसे निघून गेल्यावर, आणि जी राहिली त्यांना पुस्तके व उपकरणे मिळेनाशी झाल्यावर, गटबाजीला मोकळे रान मिळाले. जे फारकतीचे फळ आहे, तेच तिचे कारण म्हणून सांगितले जाते.

परदेशांची उदाहरणे दोन्ही बाजूंनी दिली जातात, म्हणून ती नीट पाहावीत. जर्मनीत माक्स प्लांक संस्था आहेतच की, असे म्हटले जाते. आहेत, पण तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला डॉक्टरेट विद्यापीठच देते आणि संस्थांचे अनेक संचालक जवळच्या विद्यापीठात प्राध्यापक असतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राच्या बहुतेक प्रयोगशाळा विद्यापीठांशी संयुक्त आहेत. अमेरिकेतली बर्कलेची राष्ट्रीय प्रयोगशाळा कॅलिफोर्निया विद्यापीठ चालवते. चीनचा दाखला जास्त अवघड आहे. तिथेही सोव्हिएत नमुन्यावर अकादमी उभी राहिली आणि आजही संशोधन-खर्चातला विद्यापीठांचा टक्का मोठा नाही. मात्र तिथला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून अधिक आहे, त्यामुळे लहान टक्क्यातूनही विद्यापीठांना भरपूर मिळते. शिवाय चिनी अकादमीने १९५८ मध्येच स्वतःचे विद्यापीठ काढून आपल्या शास्त्रज्ञांना पदवीच्या मुलांपुढे उभे केले. आपण सोव्हिएत रचनेची नक्कल केली असे म्हणतात तेही अर्धेच खरे आहे. आपल्याकडे भिंत बांधली गेली आणि तिला दार ठेवायचे राहून गेले.

या फारकतीने शिक्षकाचे काय केले, ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी दिसते. संलग्न महाविद्यालयातला शिक्षक दुसऱ्या कोणी ठरवलेला अभ्यासक्रम शिकवतो आणि दुसऱ्या कोणी काढलेल्या प्रश्नपत्रिकेसाठी मुले तयार करतो. कायम जागा भरल्या जात नाहीत म्हणून नेट-सेट झालेली, पीएच.डी. असलेली माणसे तासिका तत्त्वावर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर, दोन-दोन महाविद्यालयांत धावत असतात. अशा शिक्षकाला २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांकांची पद्धत लावली: इतके निबंध, इतके गुण, मग बढती. संशोधनाची साधने न देता संशोधनाचा पुरावा मागितला की काय होते, हे पुणे विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १,००९ नियतकालिके त्यांनी तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. या प्रकाराचा दोष शिक्षकांच्या चारित्र्याला देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ज्याला बढतीसाठी कागद हवा आणि शोधण्यासाठी ना वेळ ना साधन, त्याच्यापुढे पैसे घेऊन निबंध छापणारा उभा राहणारच. इथे कोणी म्हणेल, मग शिक्षकांना संशोधनातून मोकळे करा, त्यांना नीट शिकवू द्या. सक्ती काढण्याच्या बाजूने मीही आहे. प्रत्येक शिक्षकाने निबंध छापलाच पाहिजे हा हट्ट घातक आहे. पण सक्ती नसावी याचा अर्थ संधी नसावी असा होत नाही. उत्तम शिकवणारा आणि एकही निबंध न लिहिणारा शिक्षक महाविद्यालयात सन्मानाने असावा; त्याच्या शेजारच्या खोलीत एखादा तरी प्रश्न जिवंतपणे हाताळला जात असावा, आणि मुलांना दोन्ही खोल्यांत जाता यावे.

प्रयोगशाळांचे नुकसान कमी बोलले जाते, कारण ते उपकरणांच्या झगमगाटात दिसत नाही. अभिमत विद्यापीठे झाल्यामुळे संशोधन संस्थांत आता शिकवणे होतेच, असे सांगतात. ते पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपुरते, म्हणजे ज्यांनी आपला विषय आधीच निवडला आहे अशांपुरते. आपल्या शाखेबाहेरचे काही पायापासून समजावून सांगण्याची वेळ तिथल्या शास्त्रज्ञावर येत नाही. विद्यापीठात गणिती, इतिहासकार, भाषाशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ एकाच आवारात असतात. रसायनाच्या प्रयोगशाळेत सगळे रसायनवाले असतात. कोसंबींनी नाण्यांच्या वजनाला संख्याशास्त्र लावले आणि तिथून ते भारतीय इतिहासाकडे वळले. हे वळण ते फर्ग्युसनमध्ये असतानाच घेतले गेले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

आणि समाज. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. तो कुठे जोपासायचा? बहुतेक कुटुंबांतली पहिली पदवीधर व्यक्ती ज्या महाविद्यालयात जाते, तिथेच विज्ञान हे पाठ करून परीक्षेत उतरवण्याचे उत्तर म्हणून भेटत असेल, तर बाहेर येऊन ती ज्योतिषाकडे गेली तर नवल कसले? पुरावा कसा उभा राहतो आणि कसा कोसळतो, चुकीचे अनुमान मागे कसे घ्यावे लागते, हे पाहायला मिळणे हाच वैज्ञानिक दृष्टिकोनाचा धडा. तो व्याख्यानाने येत नाही. शिवाय पुष्कळ प्रश्न असे आहेत जे मोठ्या संस्थांना दिसतच नाहीत. कमला सोहोनी केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्यावर मुंबईच्या सरकारी विज्ञान संस्थेत शिकवत होत्या; त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डाळी आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केले, कारण गरिबाच्या ताटात काय असते हा त्यांच्या समोरचा प्रश्न होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांमधल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जैवविविधतेच्या नोंदी गोळा केल्या. तेवढा विस्तृत प्रदेश वर्षानुवर्षे पाहत राहणे कोणत्याही एका प्रयोगशाळेला झेपले नसते. विहिरींची पातळी, पाण्यातले फ्लोराइड, वाणांमधले बदल, साप चावण्याच्या घटना यांचा अभ्यास तिथेच राहणाऱ्या माणसाने करायचा असतो. तो माणूस महाविद्यालयात आहे, तासिका तत्त्वावर आहे. मराठीचाही प्रश्न इथेच येतो. गावातल्या लोकांना निष्कर्ष सांगावे लागतात तेव्हा शास्त्रज्ञाला मराठीतून विचार करावा लागतो. परदेशी नियतकालिक हाच ज्याचा एकमेव वाचक, त्याला ती गरज कधीच पडत नाही.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र, उभी राहिली आणि जयंत नारळीकर टाटा संस्था सोडून तिचे संचालक झाले. देशभरातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना तिथे ठरावीक काळ येऊन राहता येते, ग्रंथालय आणि संगणक वापरता येतात, आणि परत आपल्या वर्गात जाता येते. शिक्षकाला त्याच्या जागेवरून न उचलता त्याला संशोधनाशी जोडण्याचा हा आपल्याकडचा सर्वांत विचारपूर्वक प्रयोग आहे, आणि त्याचे अनुकरण इतर शास्त्रांत फारच थोडे झाले याची मला खंत आहे. २००६ पासून आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन, संस्थांनी पदवीचे शिक्षण आणि संशोधन एकत्र आणले. पण सातही आयसर मिळून देशातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सामावून घेतात? अगदीच थोड्यांना. निवडक मुलांसाठी नवी बेटे उभारून जुनी जमीन सुपीक होत नाही. २०२३ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची भाषा केली आहे, त्यांतला मोठा हिस्सा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे, आणि विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडण्याची योजनाही त्यात आहे. तिचे यश एकाच गोष्टीवर तपासावे असे मला वाटते: राज्य विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या कायम जागा भरल्या गेल्या का. माणूसच नसेल तर अनुदान कोणाला देणार?

पुढच्या लेखांमध्ये हा युक्तिवाद निरनिराळ्या बाजूंनी येईल. काही ठिकाणी तो वाचकाला एकांगीही वाटेल. संशोधन संस्थांत काम करणाऱ्या वाचकांनी विशेषतः त्याच्याशी भांडावे, कारण त्यांच्या हातात सर्वांत जास्त आहे. त्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या संस्थेपासून सर्वांत जवळचे महाविद्यालय कोणते ते पाहावे आणि येत्या जूनपासून तिथे पदवीच्या वर्गाला वर्षाला एक विषय शिकवावा. सुट्टीत तिथली चार मुले आपल्या प्रयोगशाळेत येऊ द्यावीत, तिथल्या एखाद्या शिक्षकाला आपल्या कामात सहभागी करून घ्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. संचालकांची परवानगी आणि प्राचार्यांचे पत्र एवढे पुरते.